ज्युपिटरची इमेज, मराठी फॉन्ट आणि होममधली ती एक फाइल

आमच्या विभागाच्या सर्व्हरवर ज्युपिटरहब चालतं, म्हणजे मुलांना ब्राउझरमध्ये पायथनच्या नोटबुक उघडून देणारी व्यवस्था. तिला डॉकरस्पॉनर हा जोडभाग लावलेला आहे, त्यामुळे लॉगिन केलं की ज्याला त्याला स्वतःचा कंटेनर, म्हणजे सर्व्हरवरची वेगळी बंदिस्त जागा, मिळतो. कंटेनर ज्या साच्यावरून उभा राहतो ती इमेज कशी बांधायची, इमेज साठवायच्या रजिस्ट्रीत कशी ढकलायची यावर ढीगभर लिहिलेलं सापडतं, ते सोडून देते. सायपाय-नोटबुक ही तयार इमेज पायाला घेतली, वर आमची चार पॅकेजं टाकली, सगळं बिनबोभाट चाललं. घोडं अडलं ते आलेखावर मराठी नावं आणताना, आणि त्याची चिडचिड अजून गेलेली नाही.

काम साधं होतं. जिल्हावार पावसाचे स्तंभालेख, खाली जिल्ह्यांची नावं मराठीत. आलेख काढणारं पायथनचं पॅकेज मॅटप्लॉटलिब, त्याचा ठरलेला फॉन्ट डेजावू सॅन्स, त्यात देवनागरी नाहीच. नावांच्या जागी चौकोन उमटले आणि वर लालसर पट्ट्यात सूचना आली, ग्लिफ (अक्षराचा आकार) २३६० फॉन्टमध्ये नाही. २३६० म्हणजे आपला 'स'. सातारा, सांगली, सोलापूर सगळ्यांच्या वाट्याला चौकोनच.

सगळे सांगतात तेच केलं. इमेज बांधायच्या सूचना असतात त्या डॉकरफाइलमध्ये यूजर रूट, ॲप्टने फॉन्ट्स-नोटो-कोअर हे फॉन्टचं पॅकेज, लगेच परत साधा यूजर. नोटबुकमध्ये फॉन्टचं नाव नोटो सॅन्स देवनागरी दिलं. उत्तर आलं, असा फॉन्ट सापडला नाही. टर्मिनलमध्ये फॉन्टांची यादी दाखवणारं एफसी-लिस्ट चालवलं तर फॉन्ट तिथे हजर! लिनक्सला दिसतो, मॅटप्लॉटलिबला दिसत नाही.

कारण असं की मॅटप्लॉटलिब दरवेळी फॉन्ट शोधत बसत नाही. पहिल्यांदा चालतं तेव्हा एक यादी करून होममधल्या (यूजरच्या स्वतःच्या फोल्डरमधल्या) डॉट कॅश फोल्डरमध्ये ठेवतं, फॉन्टलिस्ट नावाची जेसन फाइल. सायपाय-नोटबुक बांधतानाच ही यादी तयार करून ठेवलेली असते, वेळ वाचावा म्हणून. आपण फॉन्ट टाकतो त्यानंतर. मागितलेला फॉन्ट यादीत नसला तर मॅटप्लॉटलिब यादी नव्याने करत नाही, सापडला नाही एवढं सांगून डेजावूवर जातं. मग डॉकरफाइलमध्ये फॉन्टच्या खाली ती कॅश पुसायची ओळ घातली. माझ्या लॅपटॉपवर नावं आली. इमेज हबवर चढवली.

आणि इथून खरा छळ सुरू झाला. नव्याने नाव घातलेल्या मुलांना मराठी दिसायचं, जुन्यांना चौकोन. तीच इमेज, तोच टॅग (इमेजच्या आवृत्तीचं नाव), तीच नोटबुक. "मॅडम, माझ्याकडे येतंय की," म्हणून एक जण दाखवायचा आणि शेजारचा कपाळाला हात लावून बसलेला. हबची कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल माझ्या हातात नाही. ती सांभाळणाऱ्यांना ईमेल केला की "लॅब सुटल्यावर बघू" हे ठरलेलं उत्तर, आणि बघून झाल्यावर "इमेज तर बरोबर आहे." इमेज बरोबरच होती, रडगाणं तिचं नव्हतंच.

आमच्याकडे प्रत्येकाचं होम, म्हणजे होम-जोवियन फोल्डर, डॉकर व्हॉल्यूमवर आहे; व्हॉल्यूम म्हणजे कंटेनर गेला तरी टिकणारा साठा. नाव दिलेलं व्हॉल्यूम रिकामं असेल तर डॉकर पहिल्या वेळी इमेजमधल्या त्या फोल्डरचा मजकूर त्यात उतरवून घेतो. एकदाच. त्यानंतर इमेज दहादा बदला, व्हॉल्यूममध्ये पहिल्या दिवशी आलं तेच राहतं. जुन्या मुलांच्या होममध्ये जुनी यादी ठाण मांडून बसली होती, आणि मी पुसत होते ती इमेजमधली. एका मुलाच्या खात्यातून ती फाइल उघडून पाहिली. डेजावू, लिबरेशन, पुन्हा डेजावू. नोटोचं नावसुद्धा नाही.

उपाय एका ओळीचा निघाला. मॅटप्लॉटलिबने ही यादी कुठे ठेवायची ते सांगणारं एमपीएलकॉन्फिगडिर हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल डॉकरफाइलमध्येच होमबाहेरच्या फोल्डरकडे वळवायचं. मी ऑप्टखाली एक केलं, त्याची मालकी साध्या यूजरला दिली आणि फॉन्ट टाकल्यावर यादी तिथेच करून घेतली. हबच्या कॉन्फिगला हात लावावा लागला नाही, कुणाला ईमेलही नाही. याचा आनंद जरा जास्तच झाला हे कबूल.

तेव्हापासून इमेजमधलं काहीही मी होममध्ये ठेवत नाही. ज्युपिटरच्या सेटिंग्ज ईटीसी-ज्युपिटरमध्ये, नमुना डेटा ऑप्टखाली. आणि मुलांनी पिपने (पायथनची पॅकेजं टाकायच्या साधनाने) 'यूजर' पर्याय लावून टाकलेली पॅकेजंही होममधल्या डॉट लोकलमध्ये राहतात, ती इमेजमधल्या पॅकेजांच्या आधी उचलली जातात. "माझं पांडाज वेगळंच वागतंय" असं कुणी म्हणालं की मी आधी तिथे बघते.

फॉन्ट आला म्हणजे मराठी आलं असं मात्र नाही. पुणे, ठाणे, जळगाव झकास. रत्नागिरीत 'गि'ची वेलांटी 'ग'च्या पुढे जाऊन 'री'ला चिकटलेली. सिंधुदुर्गचा रफार उतरून पाय मोडका 'र' आणि शेजारी सुटा 'ग'. अहमदनगर नीट यायचं, अहिल्यानगरचे तुकडे. आमचं मॅटप्लॉटलिब अक्षरं युनिकोडच्या क्रमाने नुसती ओळीत मांडतं, जोडाक्षर घडवणं त्याच्या गावी नाही. सुटका एसव्हीजी या चित्राच्या फाइल-प्रकाराने झाली. एसव्हीजी-फॉन्टटाइप 'नन' केलं की अक्षरांचे आकार न काढता मजकूर तसाच लिहिला जातो आणि जुळवणी ब्राउझर करतो, तो हे चोख करतो. अहवालाला पीएनजी लागली तर इमेजमध्ये लिबआरएसव्हीजी-टू-बिन टाकून ठेवा. त्यातलं आरएसव्हीजी-कन्व्हर्ट अक्षरं जुळवायला पँगो ही लायब्ररी वापरतं, वेलांट्या जागेवर राहतात.

आणखी आठवलं ते. सायपाय-नोटबुकसारख्या या तयार इमेज ऑक्टोबर २०२३ पासून फक्त क्वे डॉट आयओ या रजिस्ट्रीवर येतात. डॉकर हबवरून ओढलीत तर जुनी मिळेल, तीही तक्रार न करता. 'लेटेस्ट' टॅगवर वर्ग चालवू नका, तारखेचा टॅग द्या. इमेजमधलं ज्युपिटरहब पॅकेज सर्व्हरवरच्या हबशी जुळतंय ना बघा. आणि इमेज बदलूनही कुणाला जुनंच दिसत असेल, तर डॉकरस्पॉनर थांबलेला कंटेनर काढून टाकत नाही, तोच पुन्हा उठवतो. त्याचं 'रिमूव्ह' ट्रू करून घ्या. ही ओळ हबच्या कॉन्फिगमध्ये जाते, तेव्हा हा ईमेल लॅब सुटायच्या आधीच टाका.