कान तुटलेला कप आणि ग्रीन्सबरोचे विद्यापीठ

परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकत असताना ‘लँड ग्रँट’ हा शब्द प्राध्यापकांच्या तोंडून वारंवार ऐकू येई. शिक्षण, संशोधन आणि विस्तार (म्हणजे ते ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवणे) एकाच संस्थेने सांभाळावे, ही आपल्या कृषी विद्यापीठांची घडण ज्या अमेरिकी नमुन्यावरून आली, त्याचे ते नाव. त्या नमुन्याची दुसरी बाजू मला फार उशिरा कळली.

१८६२ च्या मॉरिल कायद्याने, केंद्र सरकारने राज्यांना दिलेल्या जमिनींच्या (लँड ग्रँट) बळावर उभ्या राहिलेल्या महाविद्यालयांची दारे अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना बहुतेक ठिकाणी बंद होती. १८९० च्या दुसऱ्या कायद्याने राज्यांना बजावले, की प्रवेशात वर्णभेद करू नका, नाहीतर कृष्णवर्णीयांसाठी वेगळी संस्था काढा. दक्षिणेने वेगळी संस्था काढणेच पसंत केले (सोय नेहमी कोणाची पाहिली जाते, हे आपल्याला सांगायला नको). त्यातून १८९१ मध्ये स्थापन झालेले आणि १८९३ मध्ये ग्रीन्सबरोला हललेले शेती व यंत्रविद्येचे महाविद्यालय म्हणजे आजचे नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी राज्य विद्यापीठ. १९६७ मध्ये त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आज मुळात कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठांत विद्यार्थिसंख्येने ते सर्वांत मोठे असून शेती, अभियांत्रिकी, परिचर्या, व्यवसाय अशा शाखांचे शिक्षण पदवीपासून पीएच.डी.पर्यंत देते. चॅलेंजर यानाच्या अपघातात गेलेले अंतराळवीर रोनाल्ड मॅकनेअर येथूनच १९७१ मध्ये भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले.

मला मात्र या विद्यापीठाची ओळख झाली ती १ फेब्रुवारी १९६० च्या प्रसंगामुळे. एझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मॅककेन आणि जोसेफ मॅकनील हे पहिल्या वर्षाचे चार विद्यार्थी गावातल्या वूलवर्थच्या दुकानात गेले. त्यांनी टूथपेस्टसारख्या किरकोळ वस्तू घेतल्या, तेव्हा दुकानाला त्यांचे पैसे चालले. तिथल्याच, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या खाद्यपदार्थांच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली, तेव्हा नकार मिळाला. दुकान बंद होईपर्यंत ते जागचे हलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी येऊन बसले. २५ जुलैला काउंटर सर्वांना खुला झाला, तेव्हा तिथे प्रथम जेवले ते त्याच दुकानातले कृष्णवर्णीय कर्मचारी.

हे वाचताना मला आमच्या गावच्या हॉटेलाबाहेर, छपराच्या वाशाला अडकवलेला कान तुटलेला कप आठवला. आजोबा चहाचे पैसे आधी देत, कप स्वतः विसळत आणि उकिडवे बसून चहा पीत. कप पुन्हा वाशाला अडकवण्याचे कामही त्यांचेच. पैसे त्यांचेही चालत. ते हॉटेल पाडून आता तिथे मोबाइलचे दुकान झाले आहे. ग्रीन्सबरोच्या त्या इमारतीत २०१० पासून संग्रहालय आहे, आणि काउंटर व खुर्च्या जागच्या जागी आहेत.