जास्तीचे १२,५८३ बाइट

फाइल अर्धवट उतरली तर माणूस समजून घेतो. लाइन तुटली असेल, फ्लॉपी गेली असेल. माझी फाइल उतरताना मोठी झाली होती, आणि तीन आठवडे हे कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. माझ्याही नाही. त्या तीन आठवड्यांची चिडचिड अजून पुरती गेलेली नाही, म्हणून लिहायला बसले.

१९९७ चा पावसाळा. प्रभादेवीला आमचं नकाशे करणारं छोटं ऑफिस होतं. तिथे सिलिकॉन ग्राफिक्सचं 'इंडी' हे वर्कस्टेशन आलं, म्हणजे चित्रांच्या कामाचा तगडा कॉम्प्युटर, सेकंडहँड. मिठाईच्या खोक्यासारखा चपटा निळा डबा आणि मॉनिटरवर बसवलेला चिमुकला कॅमेरा. साहेबांनी कुठल्याशा प्रदर्शनात पडद्यावर डोंगरदऱ्यांवरून विमानासारखं उडत जाताना पाहिलं होतं आणि तेच त्यांना आपल्या मशीनवर हवं होतं. तसा एक डेमो एका अमेरिकन विद्यापीठाच्या एफटीपी सर्व्हरवर, म्हणजे फाइली उतरवून घ्यायच्या मशीनवर, फुकट ठेवलेला मिळाला. घट्ट दाबलेली एकच फाइल. आकार ३२,१४,३५१ बाइट. हा आकडा मी तेव्हा वहीत उतरवून घेतला, आणि त्या सगळ्या प्रकरणात मी केलेली शहाणपणाची गोष्ट एवढीच.

ऑफिसात इंटरनेट नव्हतं. १५ ऑगस्ट १९९५ पासून ते सर्वसामान्यांना मिळू लागलं होतं खरं, पण चित्रंबित्रं दिसणारं खातं आमच्या ऑफिसला परवडणारं नव्हतं. मुलुंडचा माझा मावसभाऊ इंजिनिअरिंगला होता. त्याच्याकडे विद्यार्थ्यांचं शेल अकाउंट होतं, ५०० रुपयांत २५० तास, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. अमेरिकेतून त्या अकाउंटच्या डिस्कवर फाइल कधी आली ते कळलंसुद्धा नाही. तिथून मुलुंडच्या पीसीवर आणायची होती ती मोडेमने, कर्मिट नावाच्या प्रोग्रॅमने. १४.४ चा मोडेम म्हणजे हिशेबाने पाऊण तासाच्या आतलं काम. प्रत्यक्षात दीड तास, तेही मावशीने आतल्या खोलीतला फोन उचलला नाही तर. पहिल्या रात्री तिने दोनदा उचलला. "अगं, नुसतं खर्र खर्र येतंय, एक्स्चेंजला कळवू का?" तिसऱ्या खेपेला आम्ही आतला फोनच काढून कपाटात ठेवला, तेव्हा कुठे काम झालं.

एआरजे नावाच्या प्रोग्रॅमने फाइलचे तुकडे करून तीन फ्लॉप्यांवर भरले. त्या दुधाच्या पिशवीत गुंडाळून, वर रुमाल, अशा दादरपर्यंत लोकलमधून आणल्या. ऑफिसच्या पीसीवर जोडल्या, तिथून केबलने इंडीवर. इथे एफटीपी सुरू केल्याबरोबर मी 'बायनरी' टाइप केलं, म्हणजे बाइट जसेच्या तसे पाठव, आणि शेजारच्याला ऐटीत सांगितलंही, की हे विसरलं की फाइलची वाट लागते. नंतर याच ऐटीने मला खड्ड्यात घातलं. माझ्या बाजूने मी बायनरी लावलं आहे, म्हणजे दोष दुसरीकडेच, हे मी धरूनच चालले.

दाबलेली फाइल उलगडायला जीझिप चालवलं. उत्तर आलं, 'इनव्हॅलिड कॉम्प्रेस्ड डेटा, फॉरमॅट व्हायोलेटेड'.

मग तीन आठवडे तोच खेळ. मशीन ज्या एजन्सीकडून घेतलं तिथे फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी पुरतं ऐकून न घेता सांगितलं, "मॅडम, फाइल करप्ट आहे, पुन्हा डाउनलोड करा." पुन्हा केली. तीच एरर. "फ्लॉपी बदला." लॅमिंग्टन रोडवरून नवा डबा आणला. तीच एरर. "रॅम कमी असेल." रॅमचा यात काय संबंध? पण मी विचारलं नाही, कारण ते वर्कस्टेशनवाले आणि आपण पीसीवाल्या. दर वेळी मुलुंड, दर वेळी मावशीचा फोन कपाटात, आणि अकाउंटचे तास जात होते ते वेगळेच. चौथ्या खेपेला मावसभाऊ म्हणाला, "ताई, माझी सबमिशन्स आहेत गं."

चूक फ्लॉप्यांची नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं. तुकडे जोडताना एआरजे प्रत्येक तुकड्याची बेरीज तपासतं आणि दर वेळी त्याने ओके दिलं होतं. पण राग आला की माणूस पुरावे बघत नाही.

शेवटी एका संध्याकाळी, पाऊस थांबायची वाट बघताना, मी इंडीवर फाइलचा आकार बघायला 'एलएस मायनस एल' केलं आणि वही उघडली. वहीत ३२,१४,३५१. पडद्यावर ३२,२६,९३४. मी दोनदा बोट ठेवून वाचलं. गहू सांडले तर पोतं हलकं होतं. इथे पोतं जड झालं होतं. यात कोणीतरी काहीतरी मिसळत होतं.

फरक १२,५८३. वहीच्या मागच्या पानावर मूळ आकाराला या आकड्याने भागलं. २५५ आणि थोडं. म्हणजे दर दोनशे पंचावन्न बाइटमागे एक पाहुणा. आणि एका बाइटच्या किमती असतात २५६! घट्ट दाबलेल्या फाइलमध्ये सगळ्या किमती साधारण सारख्याच वेळा येतात. म्हणजे त्या २५६ पैकी एकच कुठलीतरी किंमत दिसली की कोणीतरी तिच्याजवळ एक बाइट जास्तीचा ठेवत होतं. 'ओडी मायनस सी' करून फाइल बाइट-बाइट बघितली. ओळीमागून ओळ बाइट सरकत होते, आणि जिथे जिथे बॅकस्लॅश एन होतं तिथे तिथे त्याच्या अगदी आधी बॅकस्लॅश आर. एकही एन एकटा नाही.

गुन्हेगार कर्मिट होता. युनिक्समध्ये, म्हणजे मावसभावाच्या अकाउंटवर, ओळ संपते ती एका खुणेने, नुसत्या एनने; पीसीवरच्या डॉसमध्ये दोन खुणांनी, आर आणि एन. तेव्हाच्या कर्मिटला मुद्दाम सांगितलं नाही तर तो प्रत्येक फाइलला मजकूर समजायचा आणि पीसीकडे पाठवताना इमानदारीत दुसरी खूण घालून द्यायचा. म्हणून कोणी ते जुनं कर्मिट वापरत असेल तर पाठवायच्या बाजूला आधी 'सेट फाइल टाइप बायनरी'. पाठवायच्या बाजूला, हे लक्षात ठेवा. आपल्या पीसीवर लावून उपयोग नाही. मी बायनरी लावलं होतं ते शेवटच्या टप्प्यात, तोवर घाण होऊन गेली होती.

पुन्हा मुलुंडला जायचं मात्र मी साफ नाकारलं. जे घातलंय ते काढताही येईल. ऑफिसच्या पीसीवर टर्बो सीमध्ये दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला: एनच्या लगेच आधी आर दिसला की तो गाळायचा. पहिल्यांदा चालवला तर तीस लाखांच्या फाइलमधून जेमतेम दोनशे बाइट बाहेर पडले. कारण मी फाइल 'आर' म्हणून, म्हणजे मजकूर म्हणून उघडली होती, 'आरबी' म्हणजे बायनरी म्हणून नाही. मजकूर वाचताना डॉसवर २६ नंबरचा बाइट दिसला की फाइल संपली असं धरतात. म्हणजे ज्या चुकीसाठी मी तीन आठवडे जगाला शिव्या देत होते, तीच मी त्या दहा ओळींत करून बसले होते. एक 'बी' टाकला. ३२,१४,३५१. जीझिपने एक शब्द न बोलता फाइल उलगडली. बाहेर पाऊस कधीच थांबला होता.

पुढचं फार नाही. इन्स्टॉल करायला रूटचा, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याचा पासवर्ड लागतो आणि तो ज्यांच्याकडे होता ते गणपतीला सावंतवाडीला गेलेले, ते आधीच विचारून ठेवायला हवं होतं. मग डेमोला 'पर्फॉर्मर' ही लायब्ररी सापडेना. ती कपाटातल्या एका सीडीवर निघाली. ती चढवताना इंडीचा इन्स्टॉल करणारा प्रोग्रॅम, इन्स्ट, 'कॉन्फ्लिक्ट्स' म्हणून यादी दाखवतो, १ए की १बी असे पर्याय देतो. घाबरायचं काही नाही, प्रत्येक वाचून एकेक निवडायचा.

चालू झाल्यावर मात्र डेमोतलं ग्रँड कॅन्यन सेकंदाला दोन चित्रं इतक्या वेगाने सरकायला लागलं. बैलगाडीतून विमानप्रवास. इंडीत टेक्स्चर, म्हणजे डोंगरांवर चिकटवलेली चित्रं काढणारं वेगळं हार्डवेअर नाही, सगळा भार मुख्य प्रोसेसरवर. टेक्स्चर बंद करा, खिडकी पाव आकाराची करा. नुसत्या रंगछटांचे डोंगर बरे धावतात. आणि हो, आकार वहीत लिहून ठेवायची सवय सोडू नका.

साहेब खूश झाले, पण दोन दिवसच. "अमेरिका कशाला? सह्याद्री दाखव." अमेरिकेच्या सर्व्हे खात्याने आधीच्या वर्षी सगळ्या जगाच्या उंचीची जीटोपो३० नावाची माहिती पुरी केली होती, साधारण एक किलोमीटरला एक आकडा. साहेबांच्या ओळखीतून ती सीडीवर आली. पीसीवर उघडली तर सह्याद्री हिमालयाहून उंच गेलेला, कारण त्यात प्रत्येक उंचीच्या दोन बाइटांपैकी मोठा आधी लिहिलेला असतो आणि पीसी उलटं वाचतो. १६४६ मीटरचं कळसूबाई उलटं वाचलं तर २८,१६६ होतं. इंडी मोठा बाइटच आधी वाचतं, त्यामुळे तिथे काही करावं लागलं नाही.

हरिश्चंद्रगडापाशी कॅमेरा नेला. किलोमीटरच्या जाळीत कोकणकडा म्हणजे हिरवी गुळगुळीत घसरगुंडी. साहेब खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "कडा कुठाय?" मी पडद्यावर बोट ठेवलं.

"हा? इथून तर माझी आईपण उतरेल."