राजपुरीहून पद्मदुर्ग, जंजिरा आणि कालवं: तिथी बघितल्याशिवाय निघू नका

मुरुडजवळच्या राजपुरीच्या होडीवाल्याकडून ‘शिडाची होडी, समुद्रातले दोन्ही किल्ले आणि ओहोटीला कालवं (खडकाला चिकटलेले खायचे शिंपले), सगळं एकाच दिवसात’ असं फोनवर कबूल करून घेतलं होतं. प्रत्यक्षात अर्धा दिवस डिझेलच्या धुरात गेला आणि राजपुरीच्या धक्क्याला लागताना ठरलेल्याच्या दीडपट पैसे मागितले गेले. ‘इंजिन लावलं ना, साहेब. डिझेल वेगळं.’ तेव्हा पहिलं काम हे करा: निघायच्या आधी दोन माणसांसमोर विचारा, वारा पडला तर डिझेल कोणाचं? जंजिऱ्यावर माहिती सांगणाऱ्याचे पैसेही आधीच ठरवा, नाहीतर ते भर पाण्यात मागतात.

आता वाऱ्याचं. हिवाळ्यात पहाटे मतलई वाहतो, जमिनीकडून समुद्राकडे. नऊ-दहाला तो मरतो. मग बराच वेळ काहीच नाही, आणि दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा. पद्मदुर्ग जंजिऱ्याच्या वायव्येला तीन-चार किलोमीटरवर आहे. म्हणजे उजाडता उजाडता मतलईवर पद्मदुर्ग, वारा पडलेला असताना किल्ला आणि जेवण, मग खाऱ्या वाऱ्यावर जंजिरा करून राजपुरी. शिडाने जायचं तर हाच क्रम, दुसरा नाहीच.

आमच्या तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्याने, आधी जंजिरा घेतला. का, तर ‘आत्ता पद्मदुर्गाला होडी लागणार नाही, खडक उघडे आहेत.’ खरं होतं. पण द्वितीया होती हे पैसे ठरवतानाही त्याला ठाऊक होतं की! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे किनाऱ्यावर कोणालाही विचारा. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणून ओहोटी सकाळी साडेसातला. जंजिऱ्याहून निघालो तोवर मतलई संपलेला. शीड पोतेऱ्यासारखं लोंबत होतं आणि डोक्यावर ऊन.

पद्मदुर्गाला धक्का नाही. अर्ध्या भरतीला गुडघाभर पाण्यात उतरलो, आणि पायाखालचा प्रत्येक खडक कालवांनी मढलेला. त्या शिंपल्यांची धार ब्लेडची. सोबतच्याचा तळवा फ्लोटर्समधूनही कापला, मीठपाण्यात ती आग काय सांगू! बंद, जाड तळाचे बूट घाला. दोन्ही हात मोकळे हवेत, कॅमेरा पाठीवर. हे पन्नास पावलांचं अंतर सबंध सहलीतलं सगळ्यात वाईट. पोरांना आणि म्हाताऱ्यांना इथे आणू नका.

तरीही पद्मदुर्गच पाहा. समुद्राकडच्या तटाचे दगड लाटांनी झिजून आत गेलेत आणि मधला चुना तसाच उभा आहे, बोट फिरवलं तर कडा लागतात. जंजिऱ्यात कलालबांगडी तोफ आणि गर्दी. तिथे मिळतो जेमतेम पाऊण तास.

कालवांसाठी खोल ओहोटी लागते, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण. पद्मदुर्गाला सकाळी लागायचं तर दशमीच्या आसपासची तिथी धरा, तेव्हा साडेसातला भरती असते. दोन्ही एका दिवसात बसत नाही. बसतं म्हणणारा तुम्हाला गंडवतोय.

आम्ही कालवं दुसऱ्या दिवशी सकाळी काढली, गावातल्या एका मावशींबरोबर. टोकदार लोखंडाने झाकणाच्या सांध्यावर एक ठोका, झाकण उडतं, मांस पाण्यासकट डब्यात. त्यांचे दहा होईपर्यंत माझं एक, तेही शिंपल्याच्या चुऱ्यासकट. खडक त्यांच्या पोटाचे आहेत. चार हौसेने काढा, बाकीची त्यांच्याकडून विकत घ्या, घासाघीस नको. किल्ल्याच्या तटावरची काढू नका आणि किल्ल्यात चूल तर अजिबात नको, जागा संरक्षित आहे.

रांधणं सोपं. कालवांचं पाणी गाळून ठेवा, तोच रस्सा. भरपूर कांदा, लसूण, आगरी-कोळी मसाला, कोकम. कालवं शेवटी टाका आणि दोन-चार उकळ्यांत उतरवा, नाहीतर रबर. मीठ चाखल्याशिवाय घालू नका, आमचं पहिलं पातेलं खारट झालं. कच्ची खायची फुशारकी नको. शिवल्या (रेतीतले शिंपले) मिळाल्या तर खाऱ्या पाण्यात दोन तास ठेवून रेती टाकू द्या, आणि शिजूनही मिटलेली राहील ती फेका.

पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, तेव्हा तिकडे फिरकू नका. पाणी माणशी तीन लिटर घ्या, पद्मदुर्गावर काही मिळत नाही.