तक्रार : आवाज फार स्वच्छ येतो

अमेरिकेत मेरीलँडमध्ये मी गिटारचे अँप, म्हणजे आवाज मोठा करणारे अँप्लिफायर, दुरुस्त करतो. पुण्यात डिप्लोमाला सरांनी व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या, एका तासात उरकले होते. इथे त्याच व्हॉल्व्हवर घर चालतं. गिऱ्हाइकांचं रडगाणं बहुधा ठरलेलं : स्पीकर फरफरतोय, बंद करा.

हे सत्तरीचे गृहस्थ मात्र उलटं घेऊन आले. जॉबकार्डवर ‘तक्रार’च्या रकान्यात त्यांनी लिहायला लावलं, ‘आवाज फार स्वच्छ येतो’. गिटारवादक लिंक रेनं पाडली होती तशी अँपच्या स्पीकरला पेन्सिलीनं भोकं पाडून हवी होती.

लिंक रे आमच्या भागात जवळजवळ घरचा माणूस. जन्म नॉर्थ कॅरोलायनातल्या डनचा, १९२९चा. सैन्यात असताना क्षय जडला आणि एक फुफ्फुस काढावं लागलं. गाणं अवघड झालं, मग सगळा भार गिटारवर आला. पुढे १९७१चा अल्बम त्यानं इथल्याच ॲकोकीकला, कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात थाटलेल्या तीन ट्रॅकच्या स्टुडिओत केला. पण नाव झालं ते १९५८च्या ‘रम्बल’ या गिटारच्या धुनेनं. त्यात शब्द एकही नाही, तरी काही रेडिओ केंद्रांनी पोरं मारामाऱ्या करतील म्हणून ते वाजवायचं बंद केलं. अधिकाऱ्यांची अक्कल सगळीकडे सारखीच.

गिऱ्हाइकाच्या मालावर थेट हात कसा टाकायचा? आधी भंगारातला दहा इंची स्पीकर घेतला. सिग्नल जनरेटरवरून ८२ हर्ट्झचा सूर सोडला, म्हणजे गिटारची सगळ्यात जाड तार. पेन्सिलीचं गोल भोक पाडलं. काही फरक नाही. ब्लेडनं चीर दिली, तेव्हा चिरेच्या कडा एकमेकींवर आपटून फरफर सुरू झाली. पण खर्ज पार पिचला. रेनं मोठ्या स्पीकरला नाही, ट्वीटरला, म्हणजे वरचे सूर काढणाऱ्या लहान स्पीकरला, भोकं पाडली असं सांगतात, ते मग आठवलं. या अँपलाही वर दोन लहान कागदी ट्वीटर होते. जुन्या ट्वीटरवर करून पाहिलं : खर्ज शाबूत, वरच्या अंगाला कचकच. रेचे कान काय असतील!

दुकानातला तरुण सहकारी म्हणाला, “एक फझ पेडल विका, पायानं दाबलं की आवाज फरफरतो, आणि मोकळे व्हा.” त्याला सोल्डरिंग येत नाही, पेडलं विकता येतात.

गोष्ट अशी सांगतात की व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गच्या नाचाच्या कार्यक्रमात रेच्या भावानं गाण्याचा माइक अँपसमोर धरला, छोटे स्पीकर बोंबलले, आणि लोकांनी ‘रम्बल’ची धून पुन्हा पुन्हा वाजवायला लावली. स्टुडिओत तीच धून गुळगुळीत निघाली. तिथे बिघाड होता तो स्वच्छपणाचा, आणि रेनं तो हाताशी होती त्या पेन्सिलीनं काढला. मी काढलेल्या फरफरींपैकी किती कुणाला हव्या होत्या, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

मूळ ट्वीटर काढून डब्यात घालून दिले, जुने बसवून त्यांना चिरा दिल्या. गृहस्थांनी एक कॉर्ड छेडली, आवाज थरथरवणारा ट्रेमोलो पुरता वर नेला आणि तासाभराची मजुरी कुरकुर न करता मोजली. मालकानं मात्र विचारलं, “याची गॅरंटी किती दिवसांची लिहिलीस?” तो रकाना अजून कोराच आहे.