शुभंकरोती म्हणताना ती मध्येच थांबायची

फीट म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. माणूस धाडकन पडतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो. माझी लेक कधी पडली नाही. फेस नाही, ताप नाही, दुखतंय-खुपतंय अशी तक्रार नाही. तरीही तिला दिवसातून कितीतरी वेळा फीट येत होती. अशी मुलं आपल्या घरांत, वर्गांत असतात आणि वर्षानुवर्षं ‘धांदरट’, ‘बेलक्ष’ म्हणून बोलणी खातात. हे त्यांच्या आईवडिलांच्या, आजीआजोबांच्या आणि शाळेतल्या बाईंच्या वाचनात यावं म्हणून लिहिते आहे.

आम्ही गोव्यात फोंड्याजवळ कवळ्याला राहतो. घरात कोकणी, शाळा मराठी. तिन्हीसांजेला दिवा लागला की बाय (लेकीला घरी आम्ही हेच म्हणतो, खरं नाव इथे लिहीत नाही) आजीशेजारी बसून शुभंकरोती म्हणते, मग पाढे. तोंडपाठ असलेलं मूल एका लयीत म्हणतं, त्यामुळे मध्ये खंड पडला तर तो कानाला लगेच कळतो. त्या संध्याकाळी ‘आरोग्यं धन...’ इथे तिचा आवाज थांबला. मी वाती वळत होते, मान वर केली. हात जोडलेले तसेच, डोळे उघडे, नजर समईच्या ज्योतीपेक्षा जरा वर कुठेतरी लागलेली. पापण्या बारीक फडफडत होत्या. ओठ दोनदा हलले, काहीतरी चघळल्यासारखे. मी हाक मारली, दंडाला हात लावला, तरी काहीच नाही. मनात दहा मोजून होताहेत तोवर तिने ‘संपदा’ म्हणून पुढची ओळ धरली. ‘का गं थांबलीस?’ असं विचारलं तर ती नवलाने माझ्याकडेच बघत राहिली. तिच्या लेखी ती थांबलीच नव्हती.

सासूबाई म्हणाल्या, शाळेतून दमून येते पोर. मलाही ते पटण्यासारखंच वाटलं, पण डोळ्यांसमोरून त्या पापण्या जाईनात. मग मी तिच्याकडे बारकाईने बघू लागले. जेवताना घास तोंडाशी नेता नेता हात हवेत राहायचा. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर थांबायचं आणि तिथूनच पुढे सुरू व्हायचं. श्रुतलेखनाची वही उघडून बसले तेव्हा माझा जीव गोळा झाला. ओळीच्या सुरुवातीचे शब्द बरोबर, शेवटचे बरोबर, आणि मधले दोन-तीन शब्द गायब. अक्षर सुबक, खाडाखोड नाही. खाली लाल पेनाने शेरा: ‘लक्ष नसते.’ बाई सांगत असताना ते शब्द तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते.

मुलांची तंद्री लागते, ती कुणाची लागत नाही? म्हणून फरक सांगते. तंद्री लागते ती मूल कंटाळलं की. टीव्हीपुढे, बसच्या खिडकीशी, न आवडणाऱ्या तासाला. हाक मारली, खांदा हलवला, गुदगुली केली की ती मोडते. हे मात्र कशाच्याही मधोमध येतं, खेळ ऐन रंगात असला तरी. एकदम सुरू, एकदम बंद, बहुतेक वेळा ५ ते २० सेकंदांत. हात लावून मोडत नाही. संपल्यावर मूल गुंगत नाही, झोपत नाही, जिथे होतं तिथून पुढे चालू लागतं, म्हणून तर ते कुणाच्या नजरेत भरत नाही. डॉक्टर याला अ‍ॅबसन्स सीझर म्हणतात. साधारण ४ ते १० वर्षं या वयात ते सुरू होतं, आणि उपचार नसतील तर दिवसात डझनावारी येऊ शकतं.

दुसऱ्या एका प्रकारात हे जास्त वेळ चालतं, अर्धा मिनिट ते दोन मिनिटं. मूल शून्यात बघत फ्रॉकचं टोक चिवडतं, ओठ चाटतं, उगाच इकडेतिकडे चालतं, आणि नंतर गोंधळलेलं किंवा झोपाळू असतं. काहींना पहाटे झोपेत तोंडाची एक बाजू ओढली जाते, लाळ गळते, आपण बोलतो ते समजतं पण त्यांना बोलता येत नाही. हे सगळं दाखवण्यासारखं आहे, पोरकटपणा म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

बालरोगतज्ज्ञांकडे जायच्या आधी मी मोबाइलवर व्हिडिओ काढले. डॉक्टरांपुढे मूल दहा मिनिटं बसतं, तेवढ्यात ते येईलच असं नाही. व्हिडिओ काढताना नुसता चेहरा घेऊ नका. डोळे, तोंड, दोन्ही हात दिसू देत. मुलाचं नाव घेऊन हाक मारा, म्हणजे ते ओ देतं की नाही हे ऐकू येईल. मध्ये बंद न करता ते भानावर येऊन बोलेपर्यंत चालू ठेवा. सोबत एका वहीत वेळ, ते काय करत होतं, किती सेकंद, आदल्या रात्री झोप झाली होती का, एवढं लिहा. आमच्या डॉक्टरांनी दुसराच व्हिडिओ बघून फोन खाली ठेवला आणि बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, न्यूरॉलॉजीसाठी (मेंदूविकार विभागासाठी) चिठ्ठी लिहून दिली.

तिथे ओपीडीत जे पाहिलं ते मी विसरणार नाही. डॉक्टरांनी कागदाची एक पट्टी फाडली, बायच्या तोंडासमोर धरली आणि म्हणाले, ‘फुंक मार, ही खाली पडता कामा नये.’ तिला मजा वाटली. ती फुंकत होती, पट्टी फडफडत होती, डॉक्टर घड्याळ बघत ‘शाब्बास, आणखी, आणखी’ म्हणत होते. दोनेक मिनिटं झाली असतील, पट्टी हळूच खाली लोंबली. बायचे ओठ फुंकरीच्या आकारातच राहिले होते, पापण्या फडफडत होत्या. डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, ‘पोपट.’ काही सेकंदांनी तिने पुन्हा फुंकर मारली. ‘मी आत्ता कुठल्या पक्ष्याचं नाव घेतलं?’ तिने मान हलवली. बाहेर गर्दीचा गलबला होता, आणि मला मात्र फक्त ती कागदाची पट्टी दिसत होती. भरभर खोल श्वास घेतला की हा प्रकार उमटतो, म्हणून डॉक्टर हे करून बघतात. घरी कृपा करून कुणी करू नका, ते त्यांच्यासमोरच व्हावं.

मग ईईजी. आदल्या दिवशी डोकं शांपूने धुवायचं, तेलाचा थेंब नको. डोक्यावर जागोजागी पेस्ट लावून वायरी चिकटवतात, दुखत काहीच नाही, विजेचा झटका देत नाहीत. आजीला हीच भीती होती म्हणून मुद्दाम सांगते. मेंदूतले विजेचे बारीक प्रवाह मशीन फक्त टिपून घेतं. डोळे मिटायला सांगतात, दिवा उघडझाप करतात, खोल श्वास घ्यायला लावतात. बायच्या त्या थांबण्याच्या क्षणी पडद्यावर साऱ्या रेषा एकदम उसळल्या, एका सेकंदाला तीन अशा सारख्या लाटा, सगळीकडे एकाच वेळी, आणि ती भानावर येताच पुन्हा शांत. अ‍ॅबसन्सची ही खूण १९३५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी नोंदवली, आणि आजही डॉक्टर तिलाच शोधतात. आमच्याबाबतीत चित्र इतकं स्वच्छ होतं की एमआरआयची गरज नाही असं डॉक्टर म्हणाले. बाकी प्रकारांत डोक्याचा स्कॅन लागतोच बहुधा, कारण आपल्या देशात टेपवर्म या जंताच्या अळीची गाठ मेंदूत असणं हेही मुलांच्या फीटचं एक मोठं कारण आहे.

औषध सुरू झालं. कुठलं ते लिहीत नाही, कारण शेजारणीच्या मुलाचं औषध आपल्या मुलाला ही पद्धत इथे फार घातक ठरते. कार्बामॅझेपिन आणि फेनिटॉइन ही फीटची नेहमीची औषधं, पण अ‍ॅबसन्स त्यांनी वाढू शकतं. मुलींच्या बाबतीत व्हॅल्प्रोएट हे औषध देताना पुढच्या वयाचा, गरोदरपणाचा विचार करावा लागतो, तेही डॉक्टरांना जरूर विचारा. आणि आपल्या मनाने एकाएकी औषध बंद करायचं नाही, बरं वाटलं म्हणून तर मुळीच नाही. दोनेक वर्षं एकही फीट आली नाही की डॉक्टर हळूहळू कमी करायचा विचार करतात. बऱ्याच मुलांचं हे वयात येताना जातं.

सासूबाईंनी देवळात गाऱ्हाणं घातलं. मी सोबत गेले, हात जोडले. मग घरी येऊन त्यांनीच सकाळ-संध्याकाळच्या डोसाची वेळ सांभाळायचं काम अंगावर घेतलं आणि आजवर एकही डोस चुकू दिला नाही. ‘कुणाला सांगू नकोस, मुलीची जात आहे,’ हेही नात्यातून ऐकलं. मिरगी असलेल्यांच्या लग्नाला आड येणारी, त्या कारणावरून लग्न रद्द ठरवू देणारी अट हिंदू विवाह कायद्यातून १९९९ साली काढून टाकली गेली आहे. कायदा पुढे गेला आहे. सहा वर्षांच्या मुलीचं दुखणं लपवून आपण तिला मागे का ठेवायचं? मी शाळेत सांगितलं, बालरथाच्या, म्हणजे शाळेच्या बसच्या, ड्रायव्हरला सांगितलं, शेजारी सांगितलं.

बाळांचं मात्र वेगळं आहे आणि तिथे थांबायला वेळ नसतो. साधारण ३ महिने ते वर्षभराचं बाळ झोपेतून उठल्या-उठल्या एकदम मान पुढे टाकतं, हात फेकतं किंवा कवटाळल्यासारखे आवळतं, गुडघे पोटाशी घेतं. एक-दोन सेकंद, सैल पडतं, काही सेकंदांनी पुन्हा तेच, अशी माळच लागते. मध्ये रडतं. घरात सगळे म्हणतात पोटात कळ आली, गॅस आहे, दचकतंय. हसणारं बाळ हसेनासं होतं, नजर देईनासं होतं. १८४१ साली विल्यम जेम्स वेस्ट नावाच्या इंग्लिश डॉक्टरने ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून आपल्याच लहानग्या मुलाचं हे मान टाकणं जसंच्या तसं वर्णन केलं होतं. त्या बापाकडे औषध नव्हतं. आज आहे, आणि जितकं लवकर सुरू होईल तितकं बाळाच्या वाढीसाठी चांगलं. असं दिसलं तर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात जा. चवथ (गणेशचतुर्थी) असो की जत्रा.

बाळाचं प्रत्येक दचकणं म्हणजे फीट नव्हे, हेही सांगायला हवं. गाढ झोपेत हातपाय उडतात आणि जागं केलं की थांबतात, ते साधं असतं. रडता रडता श्वास धरून निळं पडणं हाही वेगळा प्रकार. पण हे ठरवायचं काम डॉक्टरांचं, व्हिडिओ बघून.

आमच्या घरात दोन गोष्टी बदलल्या. एक, रात्रभर जागून देवळातल्या काल्याच्या उत्सवातली नाटकं बघणं बंद, कारण झोप अपुरी झाली की फीट येण्याची शक्यता वाढते. दुसरी, पाणी. मिरामारचा समुद्र, देवळाची तळी, घरची विहीर, न्हाणीघरातली भरलेली बादलीसुद्धा, कुठेच ती एकटी नसते. पंधरा सेकंद भान नसलेल्या मुलाला गुडघाभर पाणीही पुरतं. विसर्जनाला ती येते, माझा हात धरून.

शाळेला दिलेला कागद खाली तसाच उतरवते. ज्यांना हवा त्यांनी आपल्या मुलाप्रमाणे फेरफार करून आणि डॉक्टरांना दाखवून वापरावा.

‘बाय मध्येच थांबली, ओ दिली नाही तर रागावू नये, हलवू नये. जवळ उभं राहावं, काही सेकंदांत ती आपोआप भानावर येईल. तेवढ्यात सांगितलेलं पुन्हा सांगावं आणि मागच्या पानावर वेळ लिहावी. कधी खाली पडून हातपाय झाडू लागली तर आसपासच्या वस्तू दूर कराव्यात, कुशीवर वळवावं, मानेजवळचं बटण सोडावं, घड्याळ बघावं. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. कांदा, चप्पल हुंगवू नये. ५ मिनिटांत थांबलं नाही, पुन्हा लगेच आलं, किंवा ती नुसतीच शून्यात बघत ५ मिनिटं राहिली, तर आधी १०८ ला फोन करावा, मग मला.’