मन, जीव, शक्ती... आणि बुद्धी?
आज दिवसभर बायबलमधलं मार्क १२:३० डोक्यात घोळतंय: देवावर पूर्ण मनाने, जिवाने, बुद्धीने आणि शक्तीने प्रेम कर. पाठ म्हणताना इथे हमखास गडबड होते, कारण यादी सगळीकडे सारखी नाही. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात, ६:५ मध्ये, मन, जीव, शक्ती. मार्कात बुद्धी धरून चार. मत्तय २२:३७ मध्ये परत तीनच, पण तिथे शक्ती गळते!

अनुवादात ‘मन’च्या जागी मूळ इब्री (हिब्रू) शब्द ‘लेवाव’, म्हणजे हृदय, आणि विचारही तिथूनच होतो. त्यामुळे बुद्धी वेगळी सांगावी लागत नाही. ‘शक्ती’च्या जागी मूळ शब्द ‘मेओद’. एरवी त्याचा अर्थ नुसता ‘फार’. जवळ आहे तेवढं सगळं, असं समजा. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात तर त्याचा अर्थ सरळ पैसाअडका असाही दिलाय. (दानपेटी फिरताना हे कुणी सांगत नाही.)

कोकणातल्या बेने इस्राएली ज्यूंनी बाकीची इब्री विसरूनही जपलेला ‘शेमा’ ही प्रार्थना म्हणजे अनुवाद ६:५ च्याच आधीची ओळ, ६:४.