टायमर काढला, आता फेरे मोजतोय

ड्रममध्ये सेंद्रिय खत मिसळताना होणारा घोळ अखेर सापडला! मागच्या नोंदीपासून डोकं खात होता.

माल तोच: गांडूळखत, निंबोळी पेंड, रॉक फॉस्फेट, पीडीएम (मळीपासूनचं) पोटॅश, वरून गुळाचं पाणी. टायमर सहा मिनिटांवर. तरी एक घाणा झकास उतरायचा आणि पुढच्यात रॉक फॉस्फेटचे फिकट पट्टे. वेळ वाढवली की पट्टे जायचे, पण सुपारीएवढे गोळे वळायचे. गांडूळखताच्या सरकारी निकषात 90 टक्के माल 4 मिमी चाळणीतून खाली यावा लागतो. माझा अर्धाअधिक वरच राहायचा. ओला माल ड्रममध्ये फिरत राहिला की दाणा धरणारच, दाणेदार खत करतात तेच मुळी असं. मला मात्र भुकटी हवी आहे.

नुसत्या नजरेने पारख होईना, म्हणून ईसी मीटर काढला; पाण्यात क्षार जास्त तितकं त्याचं रीडिंग जास्त. पीडीएम म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी (स्पेंट वॉश) जाळून उरलेली राख, क्षार भरपूर. ती जिथे जास्त, तिथे ईसी जास्त. ड्रमच्या तोंडाचा, मधला आणि तळाचा नमुना घेतला, एकास पाच डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळला. रीडिंग 4.1, 3.2, 2.6. हे कसलं मिक्सिंग!

मग ड्रमच्या कडेला पांढऱ्या रंगाची रेघ मारून मोबाइलवर व्हिडिओ घेतला. कोरड्या मालात मिनिटाला 28 फेरे, पाणी पडल्यावर 21. व्ही-बेल्ट घसरतोय. म्हणजे सहा मिनिटांत कधी 168 फेरे, कधी 126, आणि पाणी लवकर पडलं की मध्येच कुठेतरी. घड्याळ बरोबरच होतं, पण माल मिसळतो तो फेऱ्यांनी.

28 चा वेग मात्र बदलणार नाही. 57 सेंमीच्या ड्रमचा क्रिटिकल स्पीड (ज्या वेगाला माल न कोसळता कडेला चिकटून फिरतो) 42.3 भागिले मीटरमधल्या व्यासाचं वर्गमूळ, म्हणजे 56 च्या आसपास. त्याच्या निम्म्यावर माल उचलला जाऊन छान कोसळतो.

आता गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवर बोल्ट, समोर तो बोल्ट जवळून गेला की सिग्नल देणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर, पॅनेलवर प्रीसेट काउंटर. ठरवलेला आकडा भरला की कॉन्टॅक्टर पडतो, मोटर बंद. काउंटर मेमरीवालाच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. आमच्याकडे लाइट मध्येच जाते. टायमर परत शून्यापासून धरायचा, हा जिथे थांबला तिथून पुढे मोजतो. दुकानदार व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) गळ्यात मारत होता. पुढे पट्टा घसरत असेल तर व्हीएफडी काय करणार?

कोरडे 100 फेरे, मग पाणी, मग 40. काल संध्याकाळच्या घाण्याचं रीडिंग 3.3, 3.4, 3.3. गोळे जवळपास नाहीत. मुठीत दाबलं तर लाडू होतो, बोट लावलं की फुटतो. हे बघून काय बरं वाटलं!

पुढे पट्टा काढून चेन टाकायचा बेत होता. पण लिहिता लिहिता वाटतंय, पट्टा राहू द्यावा. ड्रममध्ये काही अडकलं तर तो घसरून मोटर वाचवतो, आणि फेरे मोजतोय तोवर घसरण्याचं दुःख नाही. त्यापेक्षा दोन प्रीसेटचा काउंटर घेऊन 100 व्या फेऱ्याला सोलेनॉइड (विजेवर चालणारा) व्हॉल्व्ह उघडावा, पाणी आपोआप पडेल. अडचण गुळाच्या पाण्याची: फडक्याने गाळूनही नोझल चोंदतं. कुणी ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) आणि गुळाचं पाणी फवारायला मोठ्या भोकाचं नोझल वापरलं असेल, तर माप सांगा.